मक्याचं तेल खावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की घरात सगळ्यात आधी बदलतो तो तेलाचा डबा. वडापाव चालू राहतो, बिस्किटांचा पुडा चालू राहतो, पण तेल मात्र 'हार्टसाठी चांगलं' असं लिहिलेलं येतं. गेली काही वर्षं आहार-सल्ल्याचं काम करताना मक्याच्या तेलाबद्दल तेच ते प्रश्न फोनवर, मेसेजवर आणि लग्नाच्या पंगतीतही विचारले गेले. त्यांतले निवडक इथे दिले आहेत. उत्तरं स्वतंत्र वाचता येतील. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मक्याचं तेल नेमकं कशातून काढतात? पिठातून की कणसातून?

दाण्याच्या अंकुरातून. घरी बघायचं असेल तर वाळलेल्या मक्याचे चार दाणे रात्रभर भिजत घाला. सकाळी दाण्याच्या टोकाकडचा फिकट, मऊ भाग नखाने उकरून काढा आणि कागदावर दाबून वाळू द्या. कागदावर तेलकट डाग राहतो. तोच हा अंकुर, कारखान्यात त्याला 'जर्म' म्हणतात. अख्ख्या दाण्यात तेल जेमतेम चार टक्के असतं आणि त्यातलं बहुतेक याच भागात असतं.

म्हणून मक्याचं तेल हे खरं तर स्टार्चच्या धंद्याचं जोडउत्पादन आहे. स्टार्चच्या कारखान्यात मका गंधकाचा वायू किंचित मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड दिवसाच्या आसपास भिजवतात आणि मग भरडतात. तेलामुळे हलका झालेला अंकुर पाण्यात वेगळा होतो. तो वाळवून दाबतात, उरलेलं तेल द्रावकाने काढतात आणि सगळं शुद्ध करतात. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला असा स्टार्चचा कारखाना आहे. तेल काढायची सुरुवात मात्र अमेरिकेची. १८९८-९९च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावी हडनट यांच्या गिरणीत ते व्यापारी प्रमाणावर निघालं आणि १९११ साली 'मॅझोला' या नावाने घरोघरच्या स्वयंपाकासाठी बाजारात आलं.

२. लाकडी घाण्याचं मक्याचं तेल कुठे मिळेल?

कुठेच नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर जरा संशयानेच बघा. शेंगदाण्यात तेल ४५ टक्क्यांच्या पुढे, तिळात जवळजवळ निम्मं. म्हणून ती घाण्यावर निघतात. चार टक्के तेलाचा मका घाण्यात घातला तर पीठ निघेल, तेल नाही. आधी अंकुर वेगळा करावा लागतो, आणि ते काम कारखान्याचं. बाजारात मिळणारं मक्याचं तेल रिफाइंडच असतं, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. रिफाइंडची भीती वाटत असेल तर प्रश्न १२ पाहा.

३. त्यात पोषक असं काय काय असतं?

सगळ्यात जास्त असते ती चरबी, म्हणजे शंभर टक्के. प्रथिनं नाहीत, पिष्ट नाही, तंतू नाहीत. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्याला (साधारण १३.५ ग्रॅम) १२०च्या आसपास. यात ते तूप, शेंगदाणा, ऑलिव्ह कुणाहून वेगळं नाही. 'हलकं तेल' म्हणतात ते रंगाला आणि चिकटपणाला, कॅलरीला नव्हे.

फरक आहे तो चरबीच्या जातीत. शंभर ग्रॅममध्ये संपृक्त चरबी (तूप-लोण्यात भरपूर असते ती) सुमारे १३ ग्रॅम, एक-असंपृक्त सुमारे २८ आणि बहु-असंपृक्त सुमारे ५५. या शेवटच्या गटात जवळजवळ सगळं लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. ओमेगा-३ मात्र एका टक्क्याच्या आसपास, म्हणजे नावापुरतं.

जीवनसत्त्व ई शंभर ग्रॅमला १४ मिलिग्रॅमच्या आसपास. ऐकायला भरपूर वाटतं, पण एका मोठ्या चमच्यात दोन मिलिग्रॅमही येत नाही आणि प्रौढांसाठीची अमेरिकी शिफारस दिवसाला १५ मिलिग्रॅमची आहे. तिसरी गोष्ट म्हणजे वनस्पती-स्टेरॉल, म्हणजे झाडांतली कोलेस्टेरॉलसारखी दिसणारी द्रव्यं, आणि ती या तेलाची खरी खासियत. स्वयंपाकाच्या नेहमीच्या तेलांत मक्याच्या तेलात ती बरीच जास्त असतात, वजनाच्या जवळपास एक टक्का. त्यांचं काम प्रश्न ५ मध्ये सांगितलं आहे.

४. पिवळा मका म्हणजे व्हिटॅमिन ए ना? मग तेलातही येत असेल.

मक्याला पिवळेपणा देणारी रंगद्रव्यं, ज्यांतल्या काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ती मुख्यतः दाण्याच्या पिठूळ भागात असतात. तेलात जी थोडी उतरतात तीही विरंजनात, म्हणजे तेलाचा रंग काढताना, जातात. बाटलीवर निळ्या रंगात 'प्लस एफ'ची खूण असेल तर त्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात. ती सोयाबीनच्या पिशवीतही तितकीच सापडतील, मक्याचं त्यात काही कर्तृत्व नाही.

५. कोलेस्टेरॉल खरंच कमी होतं का? बाटलीवर 'झिरो कोलेस्टेरॉल' लिहिलंय.

'झिरो कोलेस्टेरॉल' हे कुठल्याही वनस्पती तेलावर लिहिता येतं, अगदी खोबरेलावरही, कारण झाडं कोलेस्टेरॉल अशी जवळजवळ बनवतच नाहीत. त्या शब्दांचे जास्त पैसे देऊ नका.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे आपण ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते मात्र हे तेल खरोखर उतरवतं. पण एका अटीवर, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल यांतलं काहीतरी काढून त्याच्या जागी हे आलं पाहिजे. संपृक्त चरबी कमी झाली आणि तिची जागा बहु-असंपृक्त चरबीने घेतली की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त उचलतं. वनस्पती-स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवतात ते वेगळंच. २००२ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांनी मक्याच्या तेलातली ही स्टेरॉल काढून टाकली आणि तेच तेल माणसांना जेवणातून दिलं, तेव्हा कोलेस्टेरॉलचं शोषण ३८ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ती तिथे नुसती नावाला नसतात.

२०१५ साली ५४ माणसांवर झालेला एक प्रयोग जाहिरातीत हटकून येतो. त्यांना तीन-तीन आठवडे आलटून पालटून मक्याचं आणि ऑलिव्हचं तेल दिलं. मक्याच्या तेलावर एलडीएल जवळपास ११ टक्के उतरलं, ऑलिव्हवर साडेतीन टक्के. आकडे खरे आहेत, पण दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. तेल रोज चार मोठे चमचे होतं, आणि खर्च मक्याचं तेल विकणाऱ्या कंपनीने केला होता. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना डोळे उघडे ठेवावेत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली मक्याच्या तेलाच्या बाटलीवर हृदयविकाराबद्दल एक वाक्य छापायची मुभा दिली. वाक्याचा आशय असा: अत्यंत मर्यादित आणि प्राथमिक पुराव्यानुसार रोज एक मोठा चमचा, म्हणजे त्यांच्या हिशोबाने १६ ग्रॅम, मक्याचं तेल हृदयविकाराचा धोका कमी करू शकेल. त्यालाच जोडून, ते तितक्याच संपृक्त चरबीच्या *जागी* घ्यावं आणि दिवसाच्या एकूण कॅलरी वाढू देऊ नयेत. सरकारी भाषेतही इतकं जपून लिहिलेलं वाक्य आपल्याकडे पोचेपर्यंत 'मक्याचं तेल हार्टला चांगलं' एवढंच उरतं.

६. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे झटका टळला, असंच ना?

इथे मला थोडं थांबून सांगावं लागतं, कारण या तेलाच्या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

१९६५ साली लंडनमध्ये हृदयविकार झालेल्या ८० रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना रोज ८० ग्रॅमपर्यंत मक्याचं तेल, काहींना ऑलिव्हचं, काहींना वेगळं काहीच नाही. मक्याच्या गटाचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण दोन वर्षांनी जिवंत आणि पुन्हा झटका न आलेले रुग्ण त्या गटात ५२ टक्के होते, काहीच न घेणाऱ्यांत ७५ टक्के. प्रयोग लहान होता, पण मक्याच्या तेलाची शिफारस करता येत नाही, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं.

मग मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत मिनेसोटात, १९६८ ते १९७३. सहा मनोरुग्णालयं आणि एक वृद्धाश्रम, ९,४२३ माणसं. स्वयंपाकात मक्याचं तेल आणि त्याचंच मार्गरीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं. कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्के घसरलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. सगळी आकडेवारी तेव्हा छापलीच गेली नाही. ती शोधून काढून २०१६ साली पुन्हा तपासली तेव्हा उलटंच दिसलं: ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त उतरलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

हे वाचून बाटली मोरीत ओतायला धावू नका. त्या प्रयोगात वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली माणसं एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाइतकीच होती. त्या काळच्या मार्गरीनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) असण्याची दाट शक्यता आहे, आणि दिलेलं ओमेगा-६ नेहमीच्या जेवणाच्या मानाने फारच जास्त होतं. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये निवृत्त सैनिकांच्या वसतिगृहातल्या ८४६ पुरुषांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. तिथे मका, सोयाबीन, करडई आणि सरकी अशी तेलं मिळून वापरली होती. हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे त्रास कमी झाले, एकूण मृत्यू मात्र साधारण सारखेच राहिले.

माझ्या मते एकट्या मक्याच्या तेलाने झटका टळतो असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. मापात खाल्लं तर ते घातक आहे असं म्हणण्याजोगाही नाही. रिपोर्टचा आकडा उतरवायला ते मदत करतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीची जागा ते घेत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तेल बदललं म्हणून बंद करायची नाही.

७. ओमेगा-६मुळे अंगात सूज येते असं व्हिडिओत सांगतात. खरं आहे का?

तर्क असा मांडतात: लिनोलेइक आम्लापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनतं, त्यापासून दाह वाढवणारी रसायनं बनतात, म्हणून तेल वाईट. कागदावर बरोबर दिसतं, पण शरीर हा नळ इतका मोकळा सोडत नाही. जेवणात लिनोलेइक आम्ल वाढवलं तरी रक्तातल्या दाहाच्या खुणा सहसा वाढत नाहीत, असंच माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २००९ साली दिवसाच्या कॅलरींपैकी किमान ५ ते १० टक्के ओमेगा-६मधून यावं, असं म्हटलं.

तक्रार करायचीच तर ती ओमेगा-३च्या टंचाईची करावी. मक्याच्या तेलात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं प्रमाण पंचेचाळीसाला एक असं काहीतरी पडतं. त्यावर उपाय बाटली फेकणं नव्हे, ताटात जवसाची चटणी वाढणं. विदर्भ-मराठवाड्यातल्या आज्या ती रोज वाढत होत्या. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. दोन्ही स्वस्त आहेत, आणि तळण्यापेक्षा कालवण केलं तर उत्तम.

८. दिवसाला किती घ्यावं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे दोन मोठे चमचे, फोडणीपासून पोळीवरच्या तुपापर्यंत सगळं धरून.

चमच्याने कोणी मोजत नाही, म्हणून मी महिन्याचा हिशोब विचारते. चार मोठी माणसं, महिन्याला पाच लिटरचा कॅन. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पाच लिटरचे झाले ४,५५० ग्रॅम, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: दर डोई ३८ ग्रॅम. त्यात तूप नाही, बाहेरचं खाणं नाही. २७ ग्रॅमच्या हिशोबाने त्याच घराला साडेतीन लिटर पुरायला हवं, तेही तुपासकट. कॅन घरात आला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर मार्करने लिहा. पुढचा कॅन कधी आला ते बघा. तेलाची जात बदलण्याआधी मी प्रत्येकाला हेच करायला सांगते, आणि बहुतेक जण इथेच चपापतात.

९. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाण्याचं, आजोळी करडईचं तेल खाल्लं. ते सोडून मक्याचं का घ्यावं?

घ्यायलाच हवं असं मुळीच नाही.

शेंगदाणा तेलात एक-असंपृक्त चरबी निम्म्याच्या आसपास, बहु-असंपृक्त सुमारे तीस टक्के आणि संपृक्त मक्यापेक्षा थोडी जास्त, १७ ते २० टक्के. तळणीत ते मक्याहून जरा दमदार. घाण्याचं असेल तर वासही आहे. पिठल्यावर किंवा ठेच्यावर कच्चं तेल सोडायचं तर मक्याचं तेल सोडून काय मिळणार? नुसता ओलेपणा. रिफाइंड मक्याच्या तेलाला ना वास, ना चव. हा त्याचा दोषही आहे आणि गुणही: केकमध्ये, सॅलडमध्ये, घरच्या मेयोनेजमध्ये ते स्वतःला मिरवत नाही.

करडईचं म्हणाल तर ते याच बाबतीत मक्याचा थोरला भाऊ. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल पाऊणशे टक्क्यांच्या घरात, संपृक्त चरबी मक्याहून कमी. म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडचं कोणी 'कोलेस्टेरॉलसाठी' करडई सोडून महाग मक्याचं तेल आणत असेल तर तो हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला आहे. प्रश्न ६ मधली सावधगिरी करडईलाही लागू आहे. सिडनीत पुरुषांवर झालेल्या तशाच एका जुन्या प्रयोगात करडईचं तेल होतं आणि त्याच्या २०१३च्या फेरतपासणीतही मृत्यू जास्त दिसले.

सूर्यफूल आणि मका यांत स्वयंपाकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. सूर्यफुलात जीवनसत्त्व ई जास्त, मक्यात स्टेरॉल जास्त. सोयाबीनमध्ये ओमेगा-३ सात टक्क्यांच्या आसपास असतं, त्या एका मुद्द्यावर ते मक्याला मागे टाकतं आणि खिशालाही हलकं पडतं. मी स्वतः काय करते? शेंगदाणा आणि आणखी एक, महिन्याआड बदलून. तो 'आणखी एक' कधी मका असतो, बहुतेक वेळा नसतो.

१०. मग तूप पूर्ण बंद करू का?

वरणभातावरचा एक लहान चमचा तुपामुळे कुणाचं एलडीएल १८० होत नाही. तुपात संपृक्त चरबी साठ टक्क्यांच्या वर असते हे खरं, म्हणून शिऱ्यात वाटीने घालू नका. पण मी पाहिलंय ते असं: घरात तूप बंद होतं, मक्याचं तेल येतं, आणि 'चांगलं तेल आहे ना' म्हणून आठवड्याला दोनदा पुऱ्या होतात. प्रश्न ५ मधला 'च्या जागी' हा शब्द मी तिरका उगाच केलेला नाही.

११. तळणीला चालतं का? दिवाळीचा फराळ यात केला तर?

चालतं. रिफाइंड मक्याचं तेल साधारण २३० अंशांना धुरावतं आणि चकली-शेव १७० ते १८०ला तळली जाते. रंग चांगला येतो, चिवड्याला तेलाचा वास राहत नाही.

अडचण पहिल्या घाण्याची नाही, पाचव्या दिवशीच्या घाण्याची आहे. बहु-असंपृक्त चरबी जितकी जास्त तितकी ती उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडते. अल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात. कढईच्या कडेला फेस धरायला लागला, तेल गडद झालं, पळीवरून मधासारखं ओघळायला लागलं की ते संपलं. हॉटेलांसाठी नियम आहे की तळणीच्या तेलातली 'पोलर' संयुगं (तेल बिघडताना तयार होतात ती) २५ टक्क्यांपुढे गेली की ते वापरायचं नाही. घरात ते मापायचं यंत्र नसतं, म्हणून माझा नियम सोपा: कढईत कमी तेल घ्या, लहान घाणे काढा, उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. तळणीचं तेल पुन्हा तळणीला नाही, आणि नव्या तेलात मिसळून तर नाहीच. खूप तळायचं असेल तर शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन (तांदळाच्या कोंड्याचं) त्या दिवसापुरतं जास्त सोसतं.

१२. रिफाइंड म्हणजे केमिकलच की! हेक्झेन वापरतात ना?

वापरतात. अंकुर दाबून उरलेलं तेल हेक्झेन या द्रावकाने ओढून काढतात, मग ते हेक्झेन तापवून उडवतात. भारतात तयार तेलात त्याची मर्यादा दहा लाखांत पाच भाग आहे. पुढे तेलातले डिंक काढतात, आम्लता मारतात, रंग काढतात, मेण काढतात आणि शेवटी वाफेने वास उडवतात. या खटाटोपात जीवनसत्त्व ई आणि स्टेरॉलचा काही भाग जातो, बराचसा टिकतो. प्रश्न ३ मधले आकडे रिफाइंड तेलाचेच आहेत.

मेण काढल्याचा एक मजेशीर पुरावा फ्रिजमध्ये मिळतो. तीन लहान बाटल्यांत खोबरेल, शेंगदाणा आणि मका ठेवा. खोबरेल दगड होईल, शेंगदाणा तेल गढूळ होऊन घट्ट होईल, मक्याचं स्वच्छ वाहतं राहील. त्यावरून 'मक्याचं तेल रक्तवाहिनीत गोठत नाही' असं मात्र कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तेल तेलाच्या रूपात रक्तवाहिनीत जातच नाही.

१३. अमेरिकन मका जीएम असतो. मग हे तेल सुरक्षित आहे का?

अमेरिकेतला नव्वद टक्क्यांहून जास्त मका जनुकबदल केलेला आहे. भारतात अशा मक्याच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे इथल्या मक्याचं तेल त्या अर्थाने साधं. तसंही रिफाइंड तेलात जनुकं आणि प्रथिनं जवळजवळ उरतच नाहीत. आणि ज्यांना हा प्रश्न मनापासून छळतो त्यांना मी हळूच विचारते: फरसाण आवडतं का? आपल्याकडचा कापूस बहुतेक बीटी, म्हणजे जनुकबदल केलेलाच, आहे, आणि त्याचं सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत वर्षानुवर्षं आहे.

१४. मला ग्लुटेन चालत नाही. 'कॉर्न ग्लुटेन' असतं ना?

स्टार्चच्या धंद्यात मक्याच्या प्रथिनाला 'ग्लुटेन' म्हणायची सवय आहे, पण ते गव्हातलं ग्लुटेन नव्हे. सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) असलेल्यांना मका चालतो आणि मक्याचं तेलही. मक्याचीच अ‍ॅलर्जी ही दुर्मिळ गोष्ट आहे. ती असेल आणि पूर्वी तीव्र त्रास झाला असेल तर तेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

१५. शुगर आणि फॅटी लिव्हर, दोन्ही आहे. मका गोड असतो, तेल चालेल का?

तेलात साखर नाही, स्टार्चही नाही. मक्याचा गोडवा दाण्यातच राहतो. तेलाने जेवणानंतरची शुगर उसळत नाही, पण कॅलरी वाढल्या की वजन वाढतं आणि यकृतावरची चरबीही. तुमच्यासाठी तेलाच्या जातीपेक्षा प्रश्न ८ चा हिशोब महत्त्वाचा.

१६. गरोदरपणात आणि लहान मुलांना?

चालतं. पण बाळाच्या मेंदूसाठी लागणारं डीएचए (माशांत असणारं एक ओमेगा-३) यातून मिळत नाही. मासे खाणाऱ्या गरोदर बाईने लहान मासे खावेत. शाकाहारी असेल तर जवस-अक्रोड, शिवाय पूरक गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या खाण्यातलं तेल-तूप मात्र मोठ्यांचा रिपोर्ट बघून कमी करू नका. आजोबांचं पथ्य नातवाच्या वाटीत नको.

१७. पुढे मोठ्ठं कणीस छापलंय, भाव मात्र स्वस्त. असं कसं?

बाटली सगळीकडून वाचा. कुठेतरी 'मिश्र' किंवा 'मल्टी-सोर्स' खाद्य वनस्पती तेल असं लिहिलेलं असेल आणि त्याखाली टक्केवारी. नियमाने अशा मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के हवं, म्हणजे कणसाच्या चित्रामागे ८० टक्के दुसरं तेल असू शकतं. एकदा मीच गडबडीत असली बाटली घरी आणली, आणि दोन महिने 'मक्याचं तेल' म्हणून वापरून झाल्यावर मागचा मजकूर वाचला. मिश्र तेल वाईट नसतं, पण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं.

१८. सकाळी उपाशीपोटी एक चमचा प्यायलं तर जास्त फायदा?

नाही. तुमच्या जेवणात १२० कॅलरी वाढतील, एवढंच. तेल भाजीतून गेलं तर निदान गाजर-पालकातली जीवनसत्त्वं शोषायला उपयोगी पडतं.

१९. किती दिवस टिकतं?

फोडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा, शेगडीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. किटलीच्या तळाशी जुनं तेल असताना वरून नवं ओतू नका. आधी किटली रिकामी करा, गरम पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा. खवट वास आला तर फोडणीत हिंग-लसूण वाढवून तो झाकू नका, टाकून द्या.

२०. न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने आहोत. इथे शेल्फवर मक्याचं, 'व्हेजिटेबल' आणि कनोला अशी तीनच दिसतात. कुठलं?

तिथे 'व्हेजिटेबल ऑइल' म्हणजे बहुतेक वेळा सोयाबीनच. रोजच्या फोडणीला कनोला किंवा सोयाबीन घ्या, दोन्हीत ओमेगा-३ मक्याहून बरंच जास्त. मक्याचं आणलेलं असेल तर संपवा, काही बिघडत नाही. जवळ भारतीय दुकान असेल तर शेंगदाणा तेलही मिळेल.

२१. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तेलात व्हिटॅमिन के असतं म्हणतात.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी हे विचारणं योग्यच आहे, कारण व्हिटॅमिन के त्या गोळीच्या उलट काम करतं. मक्याच्या तेलात के फारच कमी, शंभर ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. सोयाबीन आणि कनोलात ते कितीतरी पट जास्त. म्हणजे प्रश्न २० मधला माझा सल्ला तुमच्यासाठी जसाच्या तसा नाही. तुम्ही एक तेल ठरवा आणि तेच चालू ठेवा. बदलायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) तपासून गोळीचा डोस बघता येईल.

२२. ट्रायग्लिसराइड्स ९०० आली आहेत. तेल मक्याचं केलं तर पुरे ना?

नाही. इथे वरची बरीचशी उत्तरं बाजूला ठेवा. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, पाचशेच्या वर गेली की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो आणि आकडा हजाराकडे सरकला की तो फार वाढतो. अशा वेळी एकूण चरबीच खाली आणावी लागते, मग ती मक्याची असो, ऑलिव्हची असो की तुपाची. दारू पूर्ण बंद, साखर आणि मैदा बंद, आणि डॉक्टरांची भेट याच आठवड्यात. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीकडे कळ जात असेल, उलट्या होत असतील, तर आठवडाही थांबू नका, थेट दवाखाना गाठा.